फोन उशीखाली ठेवून तू बाजूलाच काऊन बसतो?

पत्र थोडक्यात सांगते. मुलगा २३ वर्षांचा, घाटंजीकडच्या एका खेड्यातला, सध्या यवतमाळला खोली करून पोलीस भरतीची तयारी करून राहिला. मुलगी २१ची, आर्णीकडच्या गावातली. दोन वर्षांचं प्रेम. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी रूममेट गावाला गेला होता, ती खोलीवर आली, दोघांची पहिलीच वेळ, दोघांच्या मर्जीनं. तेव्हापासून १९ दिवस हा तिच्याशी एक शब्द बोललेला नाही. आता विचारतो, "मावशी, नेटवर टेस्ट दिली तर माझी अटॅचमेंट स्टाईल अवॉइडन्ट निघाली, तिची अँक्शस. अशा दोघांचं जमत नाही म्हणतात. तिला न दुखवता हे कसं सांगू?" (अटॅचमेंट स्टाईल म्हणजे जवळच्या माणसाशी जोडलं जायची आपली तऱ्हा; अवॉइडन्ट म्हणजे जवळीक टाळणारा, अँक्शस म्हणजे माणूस सोडून जाईल या धास्तीत राहणारा.)

लेकरा, तुझ्या चार पानांत स्टाईल हा शब्द अकरा वेळा आहे, मी मोजला. पण तिसऱ्या पानावर, भरतीच्या ग्राउंडचं सांगता सांगता, तू एक ओळ लिहून पुढे निघून गेला आणि मी तिथंच थांबले. तू लिहिलं, "ती रोज रात्री साडेनऊला फोन करते, तिच्या घरात रेंज नाही म्हणून पाण्याच्या टाकीपाशी येऊन करते, मी उचलत नाही, उशीखाली ठेवतो आणि वाजायचा थांबेपर्यंत तिथंच बसतो."

तिथंच काऊन बसतो रे?

ज्याला खरंच काही घेणंदेणं नसते तो फोन सायलेंट करतो आणि मेसवर जेवायला जातो, नाहीतर नंबर ब्लॉक करून मोकळा होतो. तू रोज साडेनऊच्या आत जेवून खोलीवर हजर असतो, फोन उशीखाली घालतो, म्हणजे आवाज कमी यावा पण यावा, आणि बसतो. १९ रात्री. आणि त्याच्याच खाली लिहितो की "लहानपणापासून आश्रमशाळेत होतो त्यामुळे मला कोणाची गरज वाटत नाही". माझा नाही विश्वास बसत. तू वाट पाहून राहिला आणि त्यालाच गरज नाही असं नाव देऊन राहिला.

ज्या शास्त्राचं नाव तू घेतलं त्यातलीच एक गोष्ट सांगते, कारण रीलवाले ही सांगत नाहीत. मेरी एन्सवर्थ नावाच्या बाईंनी अमेरिकेत बाल्टिमोरला वर्षाभराच्या लेकरांवर एक प्रयोग केला होता. एक खोली, थोडी खेळणी, माय लेकराला घेऊन येते, मग काही मिनिटं बाहेर जाते, परत येते. सगळ्यांना वाटते की माय गेल्यावर कोण किती रडते ते त्या पाहत असतील, पण त्यांचं खरं लक्ष होतं माय परत आल्यावर लेकरू काय करते याच्याकडे. बहुतेक लेकरं धावत गेली, बिलगली, शांत झाली. काही बिलगली पण शांतच होईनात, मायला मारायची आणि सोडायचीही नाहीत. आणि काही अशी होती की माय दारात आली तरी मान वळवून खेळण्याशी खेळत बसली, जणू कोणी आलंच नाही. यांनाच अवॉइडन्ट म्हटलं गेलं, तुझा शब्द इथून आला. मग १९७७ साली स्रौफ आणि वॉटर्स या दोघांनी अशा लेकरांच्या छातीचे ठोके मोजलेले छापले, तर वरून गप्प खेळणाऱ्या लेकराचंही काळीज रडणाऱ्या लेकरासारखंच धडधडत होतं. त्याला गरज होती, फक्त ती चेहऱ्यावर आणायची नाही हे ते वर्षाभरातच शिकलं होतं.

उशीशेजारी बसलेल्या तुझ्या छातीवर कोणी हात ठेवला असता तर काय लागलं असतं हाताला, ते तुलाच ठाऊक.

आता माझं सांगते. मी २२ वर्षं एका आश्रमशाळेत मुलांच्या वसतिगृहाची अधीक्षिका होते. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडते, पेरणीचे दिवस, बापाला घाई असते, तो पोराला पेटीसकट सोडतो आणि फाट्यावर एसटी धरायला पळतो. एका वर्षी पहिलीतलं एक पोट्टं आलं, सहा वर्षांचं. बापानं जाताना हातात बिस्किटाचा पुडा दिला. बाकीची पोरं गेटला लटकून रडून राहिली होती, हे पेटीवर बसलं, पुडा मांडीवर धरून, आणि रडलंच नाही. तीन दिवस तो पुडा फोडलाच नाही त्यानं, रात्री उशाशी घेऊन झोपे. शेवटी मुंग्या लागल्या म्हणून मी मागितला तर गुमान देऊन टाकला, हातसुद्धा मागे घेतला नाही. आम्ही सगळे म्हणत होतो, पोट्टं लय शहाणं आहे, काही तरास नाही. दिवाळीच्या सुट्टीला बाप न्यायला आला, बाकीची पोरं आपापल्या बापाकडे धावली, हे पेटीतले कपडे घडी करत बसलं, गेटाकडे पाठ करून. बाप दारात उभा राहून पाहत होता. आणि मी त्या बापाला हसत हसत म्हटलं, "पाहा, किती रमला इथं."

मी म्हटलं हे. पुढे एका ट्रेनिंगमध्ये जेम्स रॉबर्टसनबद्दल ऐकलं, हा माणूस लंडनला जॉन बोल्बी या डॉक्टरांसोबत काम करायचा. त्या काळी दवाखान्यात लेकरू भरती झालं की मायबापाला फार भेटू देत नसत. रॉबर्टसननं पाहिलं की लेकरू आधी आकांत करते, मग हताश होऊन पडून राहते, आणि मग एक दिवस हसायला खेळायला लागते आणि माय आली तर तिच्याकडे पाहतही नाही. नर्सा म्हणत, चला, रुळलं. तो म्हणाला, रुळलं नाही, यानं मायकडून मन काढून घेतलं. त्या दिवशी घरी येऊन मला जेवण गेलं नाही, त्या पोट्ट्याची पाठ दिसत होती. म्हणून तुझ्या पत्रातल्या "गरज वाटत नाही"शी मी भांडून राहिली, राग येऊ देऊ नको.

तुझ्या त्या टेस्टचंही ऐक. मोठ्या माणसांच्या प्रेमाला हे सगळं पहिल्यांदा नीट लावून पाहिलं ते सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी, १९८७ साली, आणि कसं, तर डेन्व्हरच्या एका पेपरात तीन छोटे परिच्छेद छापून वाचकांना विचारलं की यातला तुमच्यासारखा कोणता. निम्म्याहून थोडे जास्त लोक म्हणाले आम्हाला जवळीक सोपी जाते, साधारण पाव लोकांनी तुझा परिच्छेद निवडला, उरलेल्यांनी तिचा. म्हणजे चारातला एक माणूस तुझ्यासारखा, आणि त्यातल्या कितीतरी जणांची लग्नं झाली, संसार झाले. नंतरच्या संशोधकांनी तर हे खोके मोडून दोन पट्ट्याच केल्या, सोडून जाण्याची भीती किती आणि जवळीकीचं अवघडलेपण किती, आणि माणूस त्या पट्ट्यांवर सरकतो, एका माणसासोबत इकडे तर दुसऱ्यासोबत तिकडे. बालपणी नाही मिळालं ते मोठेपणी एखाद्या भरवशाच्या माणसाजवळ कमावता येते, हेही याच शास्त्रात आहे. रक्तगट आहे का हा, की एकदा निघाला तो निघाला?

एक मात्र खरं, पहिल्या जवळीकीच्या वेळी हे जुनं सगळं वर येते. ज्याला सोडून जाण्याची भीती असते ते कधी कधी नको असतानाही हो म्हणते, माणूस टिकावा म्हणून. आणि तुझ्यासारख्याला नंतर पळावंसं वाटते, कारण कोणीतरी इतकं जवळ आलं की आता ते गेलं तर दुखेल, मग त्यानं जायच्या आधी आपणच जावं. त्यात आपल्याकडची पहिली वेळ असते कशी, उधारीची खोली, अर्धा कान कडीकडे, घरमालकीण जिन्यात दिसली तर काय सांगायचं याची धास्ती, आणि नंतर बोलायला जगात एक माणूस नाही. तू लिहिलं की ती तुझ्या दंडावर डोकं ठेवून झोपली आणि तुला श्वास कोंडल्यासारखं झालं, तू उठून ग्राउंडवर गेला आणि १६०० मीटर दोनदा मारले. मला यात वाईट मुलगा दिसत नाही, घाबरलेला दिसतो. पण घाबरलास ते १९ दिवसांपूर्वी. त्यानंतरची प्रत्येक रात्र तू स्वतः ठरवून घालवली, त्याला ना आश्रमशाळा जबाबदार ना टेस्ट.

आणि हे तर मला फारच लागलं. एका कोपऱ्यात लिहिलं, "काळजी घेतली होती बहुतेक." बहुतेक? १९ दिवसांत पाळी आली का एवढं विचारलं नाही तू तिला. ती अंधारात टाकीपाशी येऊन उभी राहते ते निव्वळ प्रेमापोटीच येते असं तुला वाटते, मला नाही वाटत. पाळी लांबली असेल तर तपासायची किट कोणत्याही मेडिकलमध्ये मिळते, सकाळच्या पहिल्या लघवीवर घरीच पाहता येते, पण तिच्या गावचा मेडिकलवाला तिच्या बापाला ओळखतो, ती कुठून आणेल? यवतमाळात तुला कोणी ओळखत नाही, ते तुझं काम. आणि समजा काही निघालंच तर गावठी औषधाच्या नादी लागायचं नाही, सरळ सरकारी दवाखान्यात जायचं, कायद्यानं लग्न न झालेल्या मुलीलाही २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या सल्ल्यानं गर्भपात करता येते आणि २०२१च्या दुरुस्तीनं तिचं नाव गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. ती १८च्या वर आहे, घरच्यांची सही लागत नाही, तिची स्वतःची लागते.

तिला न दुखवता कसं सांगू हा तुझा प्रश्न मी बाजूला ठेवते, कारण अजून सांगण्यासारखं तुझ्याजवळ काही नाही. संबंध तोडायचाच असेल तर तोडशील, तुझा हक्क आहे, पण आधी तुला तोडायचा आहे का हे तरी कळू दे, आणि ते उशीशेजारी बसून कळत नाही.

म्हणून एकच काम सांगते. आज रात्री साडेनऊला फोन वाजेल. उशी लावायची नाही. पहिल्या नाहीतर दुसऱ्या रिंगला उचलायचा. हात थरथरेल, थरथरू दे. अवॉइडन्ट, अँक्शस, स्टाईल यातला एकही शब्द तोंडातून काढायचा नाही, मी असाच आहे हे तर बिलकुल नाही. म्हणायचं, "मी इथंच होतो. तू जितक्या वेळा फोन केला तितक्या वेळा मी फोनजवळच बसलो होतो. मले भेव वाटलं." मग विचारायचं, पाळी आली का. आणि मग गुमान ऐकायचं. ती रडेल, शिव्या देईल, नाहीतर काहीच बोलणार नाही, नुसता टाकीजवळच्या कुत्र्यांचा आवाज येईल. श्वास कोंडला तर खिडकीशी जा, जिन्यात जा, पण फोन कानालाच राहू दे. आज फोन तिनं ठेवायचा, तू नाही.