चीक, कुरडया आणि तुझा प्रश्न

प्रिय सई,

मंगळवारी रात्री जेवताना तू विचारलंस, "बाबा, तुम्ही गरीब होतात का?" मी "नाही गं" म्हणालो आणि तुझ्या भातावर वरण वाढलं. ते काही उत्तर झालं नाही. तुलाही ते कळलं असणार, कारण तू पुढे काहीच बोलली नाहीस. आई म्हणाली, लिहून दे तिला. म्हणून लिहितोय. एका बैठकीत वाचायलाच हवं असं नाही, आणि पटायला हवं असं तर मुळीच नाही.

त्याच दिवशी तुमची शाळेची सहल बोस्टनजवळच्या फ्रेश पाँड तळ्यावर गेली होती. इथल्या तळ्यांतला बर्फ घोड्यांच्या करवतीनं कापून लाकडाच्या भुशात भरायचे आणि पार हिंदुस्थानला विकायचे, हे तू डोळे मोठे करून सांगत होतीस. मी नंतर वाचून काढलं. 1833 च्या मे महिन्यात बोस्टनहून 'टस्कनी' नावाचं जहाज 180 टन बर्फ घेऊन निघालं, चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं, आणि तोवर त्यातला साधारण 100 टन शिल्लक होता. मला फार गंमत वाटली, कारण भुशातला बर्फ माझ्या ओळखीचा आहे. पॉटचं आईस्क्रीम करायचं ठरलं की तुझे आजोबा सायकलच्या कॅरिअरवर गोणपाटात गुंडाळलेली लादी आणायचे. तिला चिकटलेला भुसा धुवायचं काम माझं. मग लादी फोडायची, खडेमीठ घालायचं, आणि हात दुखेपर्यंत पॉटचं हँडल फिरवायचं. हे सगळं तुला सांगणारच होतो, तेवढ्यात कुंदाआत्यानं पाठवलेला फोटो तू फोनवर उघडलास.

1984 चा मे महिना. मी नऊ वर्षांचा. डोक्यावर ओला पंचा, हातात वेताची काठी, शेजारी मोडक्या दांड्याची छत्री. मागे माईपणजीच्या जुन्या लुगड्यावर कुरडयांचे पांढरे गोल. मुंबईच्या सुरेशमामानं काढलेला फोटो. तुला त्यात उन्हात बसवून ठेवलेला एक बारका मुलगा दिसला. मला इतकी वर्षं त्यात राजा दिसायचा. दोघांपैकी कोणाचं बरोबर, हे दोन दिवस मनात घोळतंय.

आधी पैशाचं. घरात एक पगार, खाणारी सात माणसं. खर्च मोजून व्हायचा. फ्रिज 1987 साली आला. तोवर माठ, आणि माठात वाळ्याची जुडी. आंबे अक्षय्य तृतीयेला पहिल्यांदा कापायचे, आणि तेही किती फोडी कोणाला हे ठरलेलं. बाठा कोणी चोखायचा यावरून माझं आणि आत्याचं भांडण व्हायचं. पण उपाशी कोणी झोपलं नाही, आणि दारी आलेला माणूस पन्हं घेतल्याशिवाय गेला नाही. याला गरीब म्हणतात का? तुझ्या शाळेतल्या मोजमापानं कदाचित म्हणत असतील. आम्हाला तसं वाटलं नाही, कारण सदाशिव पेठेतल्या त्या सगळ्या वाड्यात कोणाचंच फार वेगळं नव्हतं.

आता कुरडया. त्या विकत मिळत नव्हत्या म्हणून करायचो असं नाही. मे महिन्यात पुण्यात टळटळीत ऊन पडतं. इथे 27 अंश झालं की तुम्ही तळ्यावर पळता. तिथे एवढं ऊन फुकट पडतंय तर ते वाया कसं घालवायचं, असा तुझ्या आजीचा हिशेब होता. इथल्या लोकांनी हिवाळा कापून विकला. आम्ही उन्हाळा डब्यांत भरून पावसाळ्यासाठी ठेवायचो.

गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. वाड्याच्या चौकात हौद होता. आजोबा मला सांगायचे की नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून जमिनीखालून, नुसत्या उतारावर पाणी आणून शहरभर हौद भरले होते. आमच्या हौदात मात्र साधं महापालिकेचं नळाचं पाणी असायचं. मी तरी गव्हाचं पाणी बदलताना स्वतःला पेशव्यांचा माणूस समजायचो. चौथ्या दिवशी गहू वाटायचे, चोथा पिळून काढायचा, आणि पातेलं रात्रभर हलवायचं नाही. सकाळी वर निवळ आणि खाली दाट पांढरा चीक. वाटीला वाटी पाण्याचं आधण, त्यात मीठ, हिंग, आणि मग एकीनं चीक ओतायचा नि दुसरीनं घोटायचा. गुठळी झाली की संपलं. ऊन चढायच्या आत सगळं गच्चीवर गेलं पाहिजे, म्हणून पहाटे चारला स्टो पेटायचा. गरम चीक सोऱ्यात भरायचा, कारण थंड झाला की तो उतरत नाही. वाड्यावर कौलं, म्हणून शेजारच्या नव्या बिल्डिंगची गच्ची मागून घ्यायची. जोशीकाकूंकडे तिची किल्ली असायची.

मी उठायचो सहाला. वाटीत गरम चीक, वर तेलाची धार. सई, याची चव तुला कशी सांगू? तू एकदा चाखून "डिंकासारखं लागतं" म्हणाली होतीस. म्हण. मी रागावलो नव्हतो, जरा वाईट वाटलं होतं एवढंच.

मग माझं राज्य सुरू व्हायचं. कावळे हाकायचे. मधूनच करवंदवाली हाक द्यायची. पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदं, आणि प्रत्येक करवंद फोडायच्या आधी पैज, कोंबडा की कोंबडी. आत लाल निघालं तर कोंबडा. गच्चीवरून पर्वती दिसायची. तिच्यामागे दुपारी ढग चढले की वळीव येणार, हे आजीला कळायचं.

आपल्या पुण्यात हवामान खात्याची मोठी कचेरी आहे, शिवाजीनगरला. त्या चौकाला आजही सिमला ऑफिस म्हणतात. लहानपणी बसचा कंडक्टर "सिमला ऑफिस" ओरडला की मी खिडकीतून बर्फ शोधायचो. आजोबांनी मग सांगितलं की 1928 साली हे खातं सिमल्याहून पुण्याला आलं, आणि येताना नावही घेऊन आलं. पण आमच्या कुरडयांचा अंदाज आजीच द्यायची.

एकदा मी चुकलो. फोटोच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. दुपारी तीनला खालून मुलांनी क्रिकेटला हाक मारली. पर्वतीमागे ढग होते, ते मला दिसले होते. तरी गेलो. वळीव आला तो वावटळ घेऊनच. मी धावत वर गेलो तोवर आजी आणि कुंदाआत्या लुगड्याची टोकं धरून उभ्या होत्या आणि आतल्या कुरडयांचा परत चीक झाला होता. पाच दिवसांचं काम. मला कोणी मारलं नाही, रागावलं नाही. आजी जिन्याच्या पायरीवर थोडा वेळ बसली. मग चहाची वेळ झाली म्हणून खाली गेली.

मला आजवर एवढंच आठवायचं की आजी किती चांगली, रागावली नाही. तुझ्या प्रश्नानंतर पहिल्यांदा वाटलं, ती पायरीवर का बसली होती? फोटोत मी काठी घेऊन बसलोय, पण कुंदाआत्या का नाही? ती माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. ती खाली सोऱ्या फिरवत होती. सोऱ्यानं तळहाताला फोड यायचे. मी राखणदार होतो, आणि राखणदाराला बसायला छत्री होती. तू त्या मुलाची काळजी केलीस, पण त्याची काळजी करायला नको होती.

अजून एक. मी तुला नेहमी "आपल्याकडे असं करतात" म्हणतो ना, ते म्हणताना हल्ली अडखळतो. त्याच गच्चीवर उपासासाठी बटाट्याचा कीस आणि साबुदाण्याच्या चिकवड्या वाळायच्या. बटाटा दक्षिण अमेरिकेतला. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावाही तिथलाच. चिकवड्यांतली मिरचीसुद्धा अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांनी आणलेली. माईपणजी एकादशीला जे अगदी शुद्ध म्हणून खायची, त्यातलं बरंचसं समुद्र ओलांडून आलेलं. बटाटा हा शब्दही पोर्तुगीज, आणि पगारही. आणि आपला हापूस, ज्याच्यासाठी मी दर मे महिन्यात इथे सगळी दुकानं पालथी घालतो, त्याचं नाव आफोन्सो द आल्बुकर्क या पोर्तुगीज सरदारावरून पडलं असं सांगतात. माईला हे सांगितलं असतं तर तिनं ऐकून घेतलं असतं आणि पुढची चिकवडी घातली असती.

तेव्हा हे फार पुरातन आहे म्हणून तू शिकावंस, असं मी म्हणू शकत नाही. मग का सांगतो? खरं कारण एवढंच की कुरडई तळताना ती कढईत फुलते तो आवाज आला की मी सदाशिव पेठेत असतो, आणि त्या वेळी तू माझ्याशेजारी उभी असावीस असं मला वाटतं. तू नसलीस तरी चालेल. पण वाटतं.

काल रात्री आजीला फोन केला. तुझा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. ती म्हणाली, "गरीब? तिला म्हणावं, गहू आपल्या पैशाचे होते, कोणाचे उसने नव्हते." मग मी माझा विचारला. आई, तुला ते सगळं करायला आवडायचं का? फोनवर बराच वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाली, "पाठ फार धरायची रे. सासूबाईंना बारीक तार लागायची, जाड झाली की बोलायच्या. पण पहाटे गच्चीवर बरं वाटायचं. गार वारा असायचा, जोशीकाकू ओव्या म्हणायच्या. पुरुषमाणसं सगळी झोपलेली." त्या वळवाच्या दुपारचं विचारलं तर तिला आठवतच नव्हतं. "दर वर्षी एखादा घाणा भिजायचाच," म्हणाली.

मी फोन ठेवणार तेवढ्यात ती म्हणाली, "एक सांगू का? गेली सहा वर्षं कुरडया मी नाही करत. धायरीच्या एक बाई करतात, त्यांच्याकडून आणते. चांगल्या असतात, तार बारीक असते. तू इतक्या कौतुकानं बॅगेत घालून नेतोस, म्हणून बोलले नाही."

सई, मी हसलो आणि मला थोडं रडूही आलं. मग स्वयंपाकघरात जाऊन तो डबा बघितला. फडताळावर वरच्या खणात आहे, त्यावर तू दुसरीत असताना मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलेली चिठ्ठी आहे, "आजीच्या हातच्या." वेलांटी चुकलेली आहे, म्हणून मी ती कधी बदलली नाही.

रविवारी सकाळी साडेनऊला फोन कर. तिथे संध्याकाळचे सात वाजलेले असतात, आजी फिरून आलेली असते. तुला जे विचारायचंय ते मला मध्ये न घेता तिलाच विचार, हवं तर इंग्रजी मिसळून. तिला कळतं. आणि चिठ्ठी तशीच ठेवायची की दुसरी लिहायची, तेही तुम्ही दोघी ठरवा. मी डब्याला हात लावलेला नाही.

तुझा,
बाबा