आरव्ही की केबिन?

प्रश्न: आम्ही सॅन होजेला राहतो, ऑक्टोबरमध्ये आईबाबा येतायत, त्यांना डेथ व्हॅलीचं वाळवंट आणि सिएरा नेवाडाचे डोंगर दोन्ही दाखवायचंय. आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, घ्यावी का?

उत्तर: आईबाबा सोबत असतील तर मी तरी लोन पाइनजवळ केबिनच घेईन, कारण गाव साधारण ११०० मीटरवर आहे, वर ४४२१ मीटरचा माउंट व्हिटनी आणि पलीकडे समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली डेथ व्हॅलीतलं बॅडवॉटर, म्हणजे दोन्हीकडे दिवसात जाऊन संध्याकाळी गरम वरणभाताला परत. रात्री गारठा असतो हां, स्वेटर-कानटोप्या हव्यातच. आरव्हीच हवी असेल तर डेथ व्हॅलीत जाणाऱ्या हायवे १९० चे उतार फार तीव्र आहेत, सारखा ब्रेक दाबून ठेवलात तर तापून निकामी होतो, म्हणून आधीच लो गिअर टाका आणि चढावर इंजिन तापायला लागलं तर एसी बंद. पाण्याची टाकी गावातच भरून घ्या. डोंगरात अस्वलं येतात, त्यामुळे खाणं, अगदी लाडू-चिवड्याचे डबेसुद्धा, कॅम्पसाइटवरच्या लोखंडी पेटीत ठेवायचे, गाडीत नाही! आणि सिएरा ओलांडायचा टायोगा पास हा घाट बर्फामुळे अचानक बंद होतो, निघायच्या दिवशी सकाळी नक्की बघा.