दहाजणांचं बिल आणि तुझं ताट

*ताई, मी कऱ्हाडची. अमेरिकेत शहर नियोजनात मास्टर्स करतेय. मार्चमध्ये आमच्या वर्गातले दहाजण स्टुडिओसाठी, म्हणजे अभ्यासाच्या प्रकल्पासाठी, अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सला चाललोय. पहिले काही दिवस प्राध्यापकांबरोबर काम, शेवटचे चार दिवस आमचे आम्ही. त्या चार दिवसांचा बेत ग्रुपवर ठरलासुद्धा: रात्री दहाला स्टेक, दोनला क्लब, उजाडल्यावर परत. मी शाकाहारी, पीत नाही, आणि बिल दहाजणांत सारखं वाटायचं. न्यूयॉर्कला असंच झालं. मी नुसते फ्राइज खाल्ले आणि ऐंशी डॉलर भरले, तोंडातून शब्द फुटला नाही. बाबा एसटीत आहेत, शिक्षणाचं कर्ज डोक्यावर. घरी "कॉलेजची ट्रिप" एवढंच सांगितलंय. रूममेट म्हणते, एखादा ग्लास घेतलास तर काय बिघडतं, सगळ्यांचा मूड घालवू नकोस. जाऊच नये असं वाटतंय. वर्गातली एक व्हिएतनामी मुलगीही माझ्यासारखीच गप्प असते, पण तिच्याशी कधी बोलणं झालं नाही. — गोंधळलेली*

अगं, जा. रद्द करायचा विचार आधी डोक्यातून काढ. शहरं कशी वाढतात, कशी चालतात हे शिकायला तू घरापासून इतक्या लांब गेलीस, आणि बिलाचं बोलायला जीभ रेटत नाही म्हणून एवढ्या मोठ्या शहरावर पाणी सोडणार? तुझ्या पत्रात ब्युनोस आयर्सची भीती कुठेच नाही. भीती आहे ती नऊजणांच्या चेहऱ्यांची.

आधी त्या ऐंशी डॉलरचं बोलू, कारण ते तुला अजून टोचतायत. तुझ्या वर्गमित्रांनी तुला लुबाडलं असं मला वाटत नाही. ज्याच्यापुढे स्टेक आहे तो शेजारच्या ताटात काय आहे हे बघत नाही, एवढंच. त्यांना सांगायला हवं, आणि ते बिल टेबलावर आल्यावर नाही. तेव्हा वेटर उभा असतो, सगळे पेंगुळलेले असतात, आणि हक्काचं बोलणारी चिकट ठरते. आत्ता लिही, ग्रुपवर, दोन ओळी: "मी जेवायला सगळ्यांबरोबर येईन, पण मी मांस आणि दारू घेत नाही, त्यामुळे माझं बिल वेगळं धरू या. उशिरापर्यंत मी एक रात्र थांबेन, बाकी रात्री जेवून परत." बस. सॉरी लिहायचं नाही. बाबांची नोकरी, कर्ज, हे काही सांगायची गरज नाही. तुझ्या घरची परिस्थिती हा ग्रुपवरचा विषय नव्हे. तिथे साधारणपणे अख्ख्या टेबलाचं एकच बिल येतं, म्हणून स्प्लिटवाइजवर, त्या खर्च वाटायच्या ॲपवर, ज्याचं त्याचं मांडायचं हे आधीच ठरवून घ्या. माणशी "कुबिएर्तो" म्हणून पाव आणि मांडणीचा आकार बऱ्याच ठिकाणी लावतात, वर दहा टक्क्यांच्या आसपास टिप द्यायची रीत आहे. त्यातला तुझा वाटा मात्र न कुरकुरता दे. आणि जुन्या ब्लॉगवरचे भाव बघून बजेट आखू नकोस, अर्जेंटिनातली महागाई ते आकडे बघता बघता शिळे करते. नुकतंच कोणी जाऊन आलं असेल त्याला विचार आणि रोजचे डॉलर ठरवून निघ.

उपाशी राहशील ही काळजी करू नकोस. गोमांसासाठी जग ज्या शहराला ओळखतं तिथे पिझ्झाही तेवढाच जीव लावून खातात, कारण इटलीहून आलेल्या लोकांनी ते शहर भरलेलं आहे. कोरिएन्तेस रस्त्यावरच्या जुन्या पिझ्झेरियात "फुगाझेता" माग: भरपूर चीज, त्यावर कांद्याचा थर. सोबत "फायना" घे. हरभऱ्याच्या पिठाचं, भट्टीत भाजलेलं, आपल्या बेसनाच्या धिरड्याची जाडजूड बहीण म्हण. तिथले लोक ते पिझ्झ्याच्या तुकड्यावर ठेवून खातात. स्टेकच्या ठिकाणी "प्रोवोलेता" मिळतं, जाळीवर भाजलेली चीजची जाड चकती. "कार्ने" म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर फक्त गोमांस येतं, म्हणून "कार्ने नको" एवढ्याने भागत नाही, हॅम किंवा चिकन ताटात येऊ शकतं. प्रत्येकाचं नाव घेऊन नको म्हण. एम्पानादा, म्हणजे तिथली सारण भरलेली करंजी, मक्याची किंवा चीज-कांद्याची मिळते, पण तिच्या पारीत चरबी असू शकते. मेदियालुना, म्हणजे तिथले छोटे क्रोसाँ, दोन प्रकारचे असतात: "दे मान्तेका" लोण्याचे, "दे ग्रासा" जनावराच्या चरबीचे. काचेआड शेजारी शेजारी ठेवलेले असतात. लोण्याचे जरा फुगीर आणि गोड, चरबीचे सडपातळ आणि खारट. विचारून घे.

आता रात्रींचं. मित्रांचा बेत तुला उधळेपणा वाटतोय, पण ते वेळापत्रक त्या शहराचंच आहे. हॉटेलं नऊनंतर भरायला लागतात, लहान मुलांना घेऊन आलेली कुटुंबं साडेदहाला निवांत जेवत असतात, आणि क्लबमध्ये दोनच्या आधी शुकशुकाट असतो. मधली भूक संध्याकाळी पाच-सहाला कॉफी आणि मेदियालुनावर भागवतात. तूही तेच कर म्हणजे दहापर्यंत जीव कासावीस होणार नाही. चारही रात्री जागायची सक्ती तुझ्यावर कोणी केलेली नाही. एक रात्र मात्र मनापासून जाग, आणि ती कुठे जागायची हे तू सुचव. माझं ऐकशील तर मिलोंगा.

मिलोंगा म्हणजे टँगो नाचायची सार्वजनिक जागा, आणि तिचे नियम तुझ्यासारखीसाठीच केलेत असं वाटावं. बऱ्याच ठिकाणी आधी शिकाऊ वर्ग असतो, तिथे एकटं गेलं तरी चालतं. मग दिवे मंद होतात आणि लोक भिंतीकडेच्या टेबलांवर बसतात. कोणी उठून हात पुढे करत नाही. लांबून नजर येते, तुला नाचायचं असेल तर तू नजर देतेस, तो किंचित मान हलवतो, तू हलवतेस, मगच तो उठतो. नाचायचं नसेल तर दुसरीकडे बघायचं. विषय संपला. कोणाचा अपमान नाही, कोणाला कारण द्यायचं नाही. तीन-चार गाण्यांचा एक "तांदा" असतो, तो संपला की मध्ये वेगळंच संगीत वाजतं आणि सगळे जागेवर जातात, म्हणजे सुटकेची वेळही ठरलेली. पाण्याची बाटली घेऊन नुसतं बघत बसलीस तरी कोणी भुवई उंचावणार नाही. साठी-सत्तरीतले आजी-आजोबा डोळे मिटून नाचताना बघशील तेव्हा क्लबची आठवणही येणार नाही. युनेस्कोने 2009 मध्ये टँगोला वारशाच्या यादीत घेतलं. यादीत नसता तरी मी तुला तिथेच पाठवलं असतं.

ग्लासाबद्दल. दारू घ्यावी की न घ्यावी हे तू सज्ञान मुलगी आहेस, तुझं तू ठरवशील, आणि पुढे कधी मत बदललंस तरी तो तुझा प्रश्न. पण रूममेटचा मूड सांभाळायला म्हणून घेऊ नकोस. तुझ्या हातात लिंबूपाणी आहे म्हणून ज्यांची मजा जाते, त्यांची मजा आधीच डळमळीत होती.

घरी खरं सांग, पुढचा फोन येईल तेव्हाच. कामाचे दिवस किती, मोकळे किती, कोणाबरोबर, कुठे उतरणार. बाबा कदाचित गप्प होतील, आई दहा प्रश्न विचारेल. होऊ दे. लपवून गेलीस तर प्रत्येक फोटो कोणाला दिसेल याचा हिशेब करत फिरशील, आणि काही अडचण आलीच तर तू कुठे आहेस हे घरात कोणालाच माहीत नसेल. तिथले रात्रीचे दहा म्हणजे कऱ्हाडला सकाळचे साडेसहा. जेवायला बसण्याआधी आईच्या चहाच्या वेळेला दोन मिनिटं फोन, एवढं कबूल करून टाक.

सांभाळायचं ते थोडक्यात. तिथे जास्त धोका मोबाइलला. फुटपाथवरच्या टेबलावर ठेवलेला, रस्त्याच्या कडेला हातात धरलेला फोन मोटरसायकलवरून येऊन उचलतात. ला बोकातली रंगीत घरं दिवसा बघा आणि तिथल्या कामिनितो गल्लीच्या आसपासच राहा. पासपोर्ट मुक्कामी ठेव, प्रत जवळ. रात्री परतताना ॲपवरची गाडी, आणि एकटीने नाही. पोलिसांसाठी 911, रुग्णवाहिकेसाठी 107.

एकटीने नाही म्हटलं, म्हणून त्या व्हिएतनामी मुलीकडे येते. तुझ्या सगळ्या पत्रात मला आशेची जागा दिसली ती हीच. तीही कदाचित कोणी आपल्याशी आधी बोलेल याची वाट बघत असेल. तिला गाठ आणि विचार, सकाळी माझ्याबरोबर फिरशील का? उजाडताना परतलेली मंडळी दुपारपर्यंत उठत नाहीत, तोवर शहर तुम्हा दोघींचं. सुब्तेच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, ए मार्गाने जा. 1913 साली सुरू झालेला, दक्षिण अमेरिकेतला पहिला भुयारी रेल्वेमार्ग. तो थेट प्लाझा दे मायो या चौकात नेतो. रविवार हाताशी असेल तर सान तेल्मोच्या जुन्या बाजारात भटका. आणि मोकळ्या दिवसांत गुरुवार येत असेल तर दुपारी साडेतीनला प्लाझा दे मायोच्या चौकात असाच. लष्करी राजवटीत ज्यांची मुलं गायब केली गेली त्या आया 1977 मध्ये तिथे पहिल्यांदा जमल्या. घोळक्याने उभं राहायला पोलिसांनी मनाई केली, चालत राहा म्हणाले. म्हणून त्या दोघी-दोघींनी हातात हात घालून चौकातल्या स्तंभाभोवती चालू लागल्या, डोक्याला पांढरा रुमाल बांधून. ते चालणं अजून दर गुरुवारी होतं, आणि त्या रुमालांची चित्रं फरशीवर रंगवलेली आहेत. सार्वजनिक जागा कोणाची असते, हे नियोजनाच्या विद्यार्थिनीला यापेक्षा चांगलं कुठे बघायला मिळणार?

वेळ उरला तर रेतिरो स्टेशनवरून लोकल पकडून सान इसिद्रो या उपनगरात जा. पेरूला निघालेले रवींद्रनाथ 1924 मध्ये वाटेत आजारी पडले, तेव्हा लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पोने त्यांना तिथे नदीकाठच्या एका घरात ठेवून घेतलं होतं. ओकाम्पोचं स्वतःचं घरही त्याच भागात आहे, ते युनेस्कोकडे आहे आणि लोकांना बघता येतं. उघडण्याचे दिवस ठरलेले असतात, आधी चौकशी कर.

आणि हो, अमेरिकेत परत शिरताना लागणारी आय-20 वरची, म्हणजे कॉलेजने व्हिसासाठी दिलेल्या कागदावरची, प्रवासाची सही घेतलीस का? नसेल तर या आठवड्यातच कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन घे. जाताना त्या मुलीलाही बरोबर ने, तिलाही ती लागणारच असेल.

— ताई