दादरच्या दुकानातला गेटवे डोंबिवलीत घरी बसून सांभाळायचा, तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: दादरला औषधांचं दुकान, भांडुपला गोडाऊन, दोन्हीकडे नवीन गेटवे बॉक्स, म्हणजे आतलं नेटवर्क इंटरनेटला जोडणारे राउटर, लावलेत. पोर्ट फॉरवर्ड करूनही, म्हणजे बाहेरून आत यायला बॉक्सवर दार उघडूनही, डोंबिवलीहून त्याचं लॉगिनचं पान उघडत नाही. ते कसं उघडायचं, असं तुम्ही विचारलंय.

आधी एक विनंती. ते पान बाहेरून उघडायचा प्रयत्नच सोडा आणि केलेलं पोर्ट फॉरवर्ड आजच काढा. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि राउटर असेच पकडले होते. बाहेरून दिसणारा बॉक्स शोधायचा आणि कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड लावून बघायचा, एवढंच तो करत होता. अशी शोधाशोध आजही रात्रंदिवस चालू असते. दुकानात पेशंटची नावं आणि प्रिस्क्रिप्शन आहेत, म्हणून मी हे इतक्या आग्रहाने सांगतोय.

पान का उघडत नाही, तेही बघून घ्या. बॉक्सच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (बॉक्सचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तुमच्या केबलवाल्याने एकच पब्लिक आयपी (इंटरनेटवर कुठूनही गाठता येणारा पत्ता) बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटलाय. ही रेंज २०१२ साली खास त्यासाठीच राखून ठेवली गेली. १९२.१६८ दिसला तर मध्ये केबलवाल्याचाच एक राउटर बसलाय. दोन्ही बाबतींत बाहेरून आलेली हाक तुमच्या बॉक्सपर्यंत पोहोचतच नाही. मोबाइल सिमवरही बहुतेक वेळा हेच होतं.

म्हणून हाक बॉक्सने मारायची. त्यासाठी मी वायरगार्ड वापरतो. तो इंटरनेटवरून टनेल, म्हणजे कुलूपबंद खाजगी वाट, बांधणारा प्रोग्राम आहे. पब्लिक आयपी असलेला एक छोटा सर्व्हर भाड्याने घ्या. दादर, भांडुप आणि तुमचा लॅपटॉप हे तिघेही त्याला जोडायचे. पोर्ट फक्त सर्व्हरवर उघडायचा, नेहमीचा यूडीपी ५१८२०. दोन्ही बॉक्सवर कीपअलाइव्ह (ठरावीक वेळाने जाणारा ‘मी आहे’ असा छोटा निरोप) २५ सेकंद ठेवा, नाहीतर काहीच येजा नसली की मधला राउटर वाट विसरतो. बॉक्सच्या ‘अलाउड आयपी’मध्ये (टनेलमधून कुठले पत्ते जातील त्या यादीत) फक्त टनेलची रेंज लिहा. तिथे सगळे शून्य टाकले तर दुकानाचं अख्खं इंटरनेट त्या सर्व्हरवरून फिरायला लागेल. मग लॉगिनचं पान फक्त टनेल आणि आतल्या नेटवर्कवरूनच उघडेल असं करा, पासवर्ड बदला, फर्मवेअर (बॉक्सच्या आतला प्रोग्राम) अपडेट करा.

दुकान, गोडाऊन आणि घर, तिन्हीकडे आतल्या नेटवर्कचे पत्ते १९२.१६८.१ नेच सुरू होत असतील तर लॅपटॉपला कळणारच नाही की तुम्ही घरचा प्रिंटर मागताय की दुकानातला. दादरला १९२.१६८.४१, भांडुपला १९२.१६८.४२ असं काहीतरी ठेवा, आणि बिलिंगच्या मशीनला पक्का आयपी द्यायच्या आधीच ठेवा.

आता अशी एक गोष्ट, जिच्यात माझे दोन दिवस गेले होते. लाइट जाऊन आली की टनेल उठायचा नाही. इंटरनेट चालू, बिलिंग चालू, फक्त टनेल मेलेला. कारण निघालं घड्याळ. स्वस्त बॉक्समध्ये घड्याळाचा सेल नसतो, त्यामुळे लाइट आल्यावर तो मागच्याच कुठल्यातरी तारखेला जागा होतो. वायरगार्ड आधीपेक्षा जुन्या वेळेचा निरोप स्वीकारत नाही, कारण कोणीतरी जुनाच निरोप चोरून परत पाठवला असू शकतो. तेव्हा बॉक्सला एनटीपीने (इंटरनेटवरून घड्याळ जुळवायच्या पद्धतीने) वेळ मिळायला हवी, आणि ती टनेलमधून नको, थेट इंटरनेटवरून हवी. वेळेसाठी टनेल आणि टनेलसाठी वेळ, असं झालं तर दोन्ही अडकतात. डीएनएसचंही (नावावरून आयपी शोधणाऱ्या सेवेचंही) तेच. एनटीपी सर्व्हरचं नाव टनेल नसतानाही सापडलं पाहिजे.

दुसरी गोष्ट लांबून बदल करण्याची. एका जुलैत रात्री साडेदहाला मी ठाण्याहून लोअर परळच्या एका ऑफिसच्या फायरवॉलमध्ये (काय आत-बाहेर जाऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या बॉक्समध्ये) नवा नियम टाकला. सगळं अडवणारा नियम चुकून परवानगीच्या नियमांच्या वर गेला. सेव्ह दाबलं आणि स्क्रीन गोठली. वॉचमनना फोन करून बॉक्स बंद-चालू करायला सांगितला, पण सेव्ह झालेला नियम तसाच परत आला. बाहेर पाऊस कोसळत होता, कुर्ल्याला रुळांवर पाणी होतं. सकाळी मी पोहोचेपर्यंत त्या माणसांचं सगळं काम ठप्प होतं. त्यांचा तो अर्धा दिवस मला अजून बोचतो.

तेव्हापासून परतीची वाट बांधल्याशिवाय मी लांबून काहीही बदलत नाही. मायक्रोटिक कंपनीच्या बॉक्समध्ये ‘सेफ मोड’ आहे, कनेक्शन तुटलं की बदल आपोआप मागे जातात. जुनिपरमध्ये ‘कमिट कन्फर्म्ड’ दिलं आणि दहा मिनिटांत पक्कं केलं नाही, की जुनी सेटिंग परत येते. सिस्कोमध्ये आधी ‘रीलोड इन १०’ द्यायचं, बदल करायचा, आणि सगळं नीट दिसल्यावरच रीलोड रद्द करून सेव्ह करायचं. तुमच्या बॉक्समध्ये असं काही आहे का ते आधी बघा. नसेल, तर नियम बदलायला दादरलाच जा.

दुकानातल्या काकांसाठीही थोडं करा. बॉक्स, त्याचा अडॅप्टर आणि फायबरचा डबा यांच्यावर १, २, ३ असे मोठे आकडे चिकटवा आणि तिन्ही एकाच छोट्या यूपीएसवर घ्या. फोनवर ‘दोन नंबरची वायर काढा’ म्हटलं की त्यांना लगेच कळतं. ‘वॅन पोर्ट’ म्हटलं की तेही घाबरतात आणि आपणही चिडतो.

हे सगळं झालं की दुकान बंद असेल त्या दिवशी तिथे जा आणि यूपीएससकट सगळ्यांची लाइट काढा. पाच मिनिटांनी परत लावा. दुकानाचं वायफाय सोडून लॅपटॉप मोबाइल डेटावर घ्या, त्याचा टनेल चालू करा आणि लॉगिनचं पान उघडून बघा. बॉक्सला हात न लावता ते उघडलं, तर भांडुपलाही हेच करा. नाही उघडलं, तर सगळ्यात आधी बॉक्सची तारीख बघा.