कमाटीबागेत जाण्याआधी

चि. ... हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी एका दिवसात बडोद्याचं कमाटीबागेतलं म्युझियम, सेंट्रल लायब्ररी आणि जमलं तर फत्तेसिंह म्युझियमही उरकणार, असं तू लिहिलंस. उरकायचंच असेल तर खुशाल जा, पण मग काय पाहिलंस ते मला सांगू नकोस. देवमाशाचा सांगाडा आणि ममी, आणखी काय!

माझं ऐकशील तर एकच वस्तू धर आणि तिची पाठ सोडू नकोस. अकोट्याचा जीवंतस्वामी घे, म्हणजे महावीरांची धातुमूर्ती. पुलापलीकडचं अकोटा, जिथे तू क्लासला जातेस, तिथेच जमिनीतून जैन धातुमूर्तींचा साठा निघाला. महावीर म्हटलं की सगळं टाकून ध्यानाला बसलेली मूर्ती आपल्या डोळ्यांपुढे येते. इथे मात्र डोक्यावर मुकुट, अंगावर दागिने, कमरेला धोतर. दीक्षेपूर्वीचे राजपुत्र महावीर घरीच ध्यानाला उभे आहेत. अशाच दुसऱ्या एका मूर्तीवर लेख कोरलाय की ही चंद्रकुळातल्या, म्हणजे जैन साधूंच्या एका परंपरेतल्या, नागीश्वरी नावाच्या श्राविकेने (गृहस्थ जैन स्त्रीने) दिली. सहाव्या शतकातली बाई ही. त्या शतकातल्या किती राजांची नावं तुला येतात, मोजून बघ.

आता हे सगळं काचेच्या कपाटापुढे उभं राहून कळायचं नाही. पाटीवर नाव आणि काळ, एवढंच मावतं. पुढचं काम लायब्ररीत. उमाकांत शहांचं ‘अकोटा ब्राँझेस’ मागून घे. शहा आपल्या प्राच्यविद्या मंदिरातले, म्हणजे बडोद्याच्या जुन्या पोथ्यांच्या संशोधन संस्थेतले. पुस्तक 1959 चं, बडोदे मुंबई राज्यात असतानाचं. त्यातले लेखांचे वाचन आणि छायाचित्रं नीट बघ, वहीत पानांचे आकडे टीप आणि परत कमाटीबागेत जा. पहिल्या खेपेला नुसती ‘छान’ वाटलेली मूर्ती दुसऱ्या खेपेला प्रश्न विचारायला लागते.

लायब्ररीत पोचलीस की तुम्ही पोरं आधी काचेच्या जमिनीचे फोटो काढणार. काढ. पण वरच्या मजल्यावरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत उतरावा म्हणून ती काच आहे, हे ध्यानात ठेव. 1910 मध्ये सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डेन या ग्रंथपालांना अमेरिकेहून बोलावलं. गृहस्थ तीनच वर्षं राहिले, पण तेवढ्यात गावोगावची वाचनालयं आणि लाकडी पेट्यांतून फिरणारी पुस्तकं यांची घडी बसवून गेले. संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं होतं 1906 मध्ये. शिकलेली पोरं शाळा सुटल्यावर वाचणार काय, हा त्यामागचा हिशेब. आजही किती जणांना सुचतो, देव जाणे! ‘लायब्ररी मिसेलनी’ हे बडोद्याच्या ग्रंथालयांचं त्रैमासिक इंग्रजी, गुजराती आणि मराठीत निघे. मिळालं तर मराठी भाग आधी वाच. आपल्या बडोद्याची मराठी तेव्हा कशी लिहीत, ते कळेल.

म्युझियमचं चित्रदालन यावेळी राहिलं तरी चालेल. एवढंच सांगतो, इमारत 1914 ला उभी राहिली आणि दालन उघडलं 1921 ला. युरोपातून घेतलेली चित्रं महायुद्धामुळे विलायतेतच अडकून पडली होती.

ग्रंथपालांकडे नुसतं पुस्तकाचं नाव घेऊन जाऊ नकोस. काय शोधतेस ते सांग. जुन्या माणसांना कपाटं पाठ असतात, आणि कुणी विचारलं की त्यांनाही बरं वाटतं.

प्राच्यविद्या मंदिरातल्या पोथ्या पुढच्या सुट्टीत. वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक पोथ्या ताडून ठरवलेला पाठ, तिथेच सिद्ध झाली, 1960 ते 1975, सात खंड. पोथी हातात घ्यायची तर परवानगी लागेल, तेव्हा कॉलेजचं पत्र आत्ताच मागून ठेव. परीक्षा सुरू झाल्या की ऑफिसात कुणी सापडत नाही.

तुझा,
काका