गणिताची सवलत घेण्याआधी आयटीआयची माहितीपुस्तिका वाचा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि आमचं 2018 साल जसंच्या तसं डोळ्यांपुढे आलं. तुमचा मुलगा नववीत, वाचनात आणि गणितात अध्ययन अक्षमता, हाताच्या कामात मात्र तरबेज, आणि शाळा म्हणतेय, "गणित काढून टाका, दहावी सुटेल." सही करायची की नाही, हे तुम्ही विचारलंय. माझं मत: आत्ता करू नका.

प्रमाणपत्र, लेखनिक, तासाला वीस मिनिटं जादा वेळ हे सगळं तुम्ही केलंच असेल, त्यात शिरत नाही.

आम्ही बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित आणि कार्यानुभवाचा विषय घेतला. सही करण्याआधी मी एका कार्यालयात जाऊन विचारलं होतं, "पुढे आयटीआयला अडणार नाही ना?" टेबलापलीकडच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "दहावी पास म्हणजे पास." मी ते खरं धरलं. कागदावर मागितलं नाही. सगळ्यात महाग पडलेली चूक ती.

मुलगा चांगल्या मार्कांनी पास झाला. घरी पेढे वाटले. त्याला आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेडच, म्हणजे विजेच्या कामाचा अभ्यासक्रमच, हवा होता. सातवीत असताना त्याने आमचा बंद मिक्सर वर्तमानपत्रावर उघडला होता. सुटलेला प्रत्येक स्क्रू ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने मांडला, वायरींना रंगीत चिकटपट्टी लावली, आणि चालू करून दिला. अक्षरं त्याला दगा देतात, रंग आणि क्रम कधीच नाही. कागदपत्र पडताळणीच्या खिडकीवर गुणपत्रिका पाहून सांगितलं, या ट्रेडला दहावीला गणित आणि विज्ञान लागतं. पुन्हा त्या पहिल्या कार्यालयात गेलो, तर "आम्ही असं कधी म्हटलं?" वर्ष गेलं. पैशांचं सोडा, सोळा वर्षांचं पोर चार महिने पाना-पकडीला हात लावत नव्हतं. या गोष्टीचा राग मला आजही आहे.

मग एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या मंडळातून दहावीचं फक्त गणित दिलं. तिथे एकेक विषयही घेता येतो. दोन मंडळांच्या दोन गुणपत्रिका चालतील का, हे या वेळी अर्ज देऊन, पोच घेऊन, लेखी विचारलं. शिकवणीच्या सरांनी क्षेत्रफळ फरशा मोजून शिकवलं. मग कुठे प्रवेश मिळाला.

म्हणून सांगतो, सवलती दोन जातींच्या असतात. जादा वेळ, लेखनिक, प्रश्न वाचून दाखवणं, कॅल्क्युलेटर या बिनधास्त घ्या, त्यांनी विषय गुणपत्रिकेवर राहतो. विषय बदलण्याची सवलत घेतली की तो विषयच जातो, आणि ते दोन वर्षांनी खिडकीवर कळतं. गणिताचा कागद पाहूनच मूल थरथरत असेल, तर मात्र विषय सोडणंच बरं. तो निर्णय तुमचा आणि मुलाचा. मी समुपदेशक नाही, एका मुलाचा बाप आहे. नियमही बदलत राहतात, त्यामुळे माझ्यावर विसंबू नका. चालू वर्षाची आयटीआय आणि डिप्लोमाची माहितीपुस्तिका काढा आणि मुलाला आवडतील अशा पाच ट्रेडपुढची पात्रता पेनाने अधोरेखित करा. शाळेतल्या बैठकीला ते पान घेऊनच जा.

जाता जाता आणखी एक. मंडळाच्या सवलतीसाठीचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचं अपंगत्वाचं ओळखपत्र, या वेगळ्या गोष्टी आहेत. अपंगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात अध्ययन अक्षमता आली, सरकारी नोकऱ्यांतल्या 4 टक्के आरक्षणात या मुलांच्या गटाचाही वाटा आहे, पण त्यासाठी किमान 40 टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. आमच्या वेळच्या सूचनांप्रमाणे 14 आणि 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी होती. तुमच्या जिल्हा रुग्णालयात आत्ताच विचारून ठेवा, तारीख मिळायला वेळ लागतो.

आणि नोकरीच्या ठिकाणी लपवू नका, असं माझं ठाम मत आहे. बाकीच्यांचा अनुभव वेगळा असू शकेल. मुलाने पहिल्याच दिवशी सुपरवायझरना सांगितलं, "मला लेखी सूचना वाचायला वेळ लागतो, बोलून सांगा." आता ते त्याला कामाची यादी व्हॉट्सॲपवर आवाजात पाठवतात.

तुमच्या मुलाला कोणता ट्रेड आवडतो ते कळवा. इलेक्ट्रिशियन असेल तर माझा मुलगा रविवारी त्याच्याशी फोनवर बोलेल, त्याने स्वतःच तसं सांगितलंय.