सिझेरियनमध्ये कमरेत इंजेक्शन दिल्यावर आईचं बीपी का उतरतं? बाळाला धोका असतो का?

उतरतंच. आधीपासून काही केलं नाही तर निम्म्याहून अधिक जणींचं उतरतं. पाय बधिर करणारं औषध रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसांनाही झोपवतं. वाहिन्या सैल पडतात, रक्त पायांत साठतं. त्यात भरलेलं गर्भाशय पोटातल्या मोठ्या शिरेवर दाबतं, म्हणून उजव्या कुशीखाली चादरीची घडी सारतात.

मी भूलतज्ज्ञ आहे, तालुक्याच्या गावी. एका पहिलटकरणीला स्पायनल, म्हणजे हेच कमरेतलं इंजेक्शन, देऊन आडवं केलं. लगेच म्हणाली, "मॅडम, मळमळतंय, कसंतरीच होतंय." मॉनिटरवर वरचं बीपी ११८ दिसत होतं, पण तो आकडा मघाचा, कफ (दंडावरचा बीपीचा पट्टा) अजून पुन्हा फुगलाच नव्हता. सर्जन म्हणाले, "घाबरलीये. काय खाऊन आलीस गं?" मी कफचं बटण दाबलं आणि आकड्याची वाट न बघता फिनाइलेफ्रिन, म्हणजे वाहिन्या आवळणारं औषध, दिलं. आकडा आला ७८. थोड्याच वेळात तिची मळमळ गेली, बाळही बाहेर येताच ठणठणीत रडलं. नंतर चहा पिताना साहेब मलाच सांगतात, "एवढी घाई कशाला? सलाईन जोरात सोडायचं."

आमचा हा वाद जुना आहे. सलाईन हवंच, स्पायनल देतादेताच सोडावं; पण सैल वाहिन्या सलाईनने आवळत नाहीत. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीपत्रातही हेच आहे: वाहिन्या आवळणारं औषध स्पायनलबरोबरच सुरू करा, वरचं बीपी मूळच्या ९० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका. ते पडल्यावर धावणं म्हणजे भात करपल्यावर गॅस बारीक करणं.

बाळाचं म्हणाल तर, वारेचा रक्तपुरवठा आईच्या बीपीवरच चालतो. जरा उतरून लगेच सावरलं तर सहसा काही होत नाही. बराच वेळ खालीच राहिलं तर बाळाच्या रक्तात आम्ल वाढतं.

हो, फिनाइलेफ्रिनने नाडी मंदावते, तिकडे लक्ष लागतं. पुष्कळ ठिकाणी मेफेंटरमाइनच असतं, त्यानेही भागतं. हृदयविकार असेल तर सगळं गणितच वेगळं. आणि गरोदरपणात बीपी वाढलेल्या बायकांचं उलट कमी उतरतं.

घरात कुणाचं सिझेरियन ठरलं असेल तर तिला सांगून ठेवा: मळमळलं की लाजायचं नाही, डोक्याशी उभ्या असलेल्या डॉक्टरला लगेच सांगायचं. "काय खाल्लंस?" असं पायाकडून कुणी विचारलं तर उत्तर द्यायची गरज नाही. ते आम्ही आधीच विचारलेलं असतं.